रशीदभाईंच्या म्हशींचं शेण

संपादकांचा फोन आला. म्हणाले, ‘आप्पा, यंदा अंकात स्वच्छ ऊर्जेवर एक लेख हवा. तुम्ही त्यातले जुने.’ हे कुणाबद्दल बोलतायत ते मला क्षणभर कळेना. मी आयुष्यभर गोबरगॅसचे खड्डे बांधले, आणि अंगाला जो वास यायचा त्यात स्वच्छ म्हणावं असं काही नव्हतं. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. केजपासून बीडपर्यंत पाय पसरून झोपायला मिळायचं.

आमचं घर धारूरच्या बाजारपेठेतलं, भांड्यांच्या दुकानाचं. लिंगायत वाण्याचा शिकलेला मुलगा शेणात हात घालतो म्हणून वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आईनं ते भांडण एका दमात मिटवलं. ‘रोज कपाळाला काय लावतो आपन? शेनाचीच राख न्हवं का?’ वडील भस्माची बोटं ओढून गुपचूप दुकानात गेले आणि दुपारी माझ्या ताटात स्वतःहून वाढते झाले.

नवख्या वाचकांसाठी धंदा सांगतो. विहिरीसारखा एक गोल, बांधीव खड्डा. एका बाजूनं शेण आणि पाण्याचा काला आत सोडायचा, दुसऱ्या बाजूनं कुजलेली मळी बाहेर येते, ती शेताला घालायची. खड्ड्यावर एक मोठी लोखंडी टाकी उपडी घातलेली असते. गॅस साठला की टाकी वर येते, बायका स्वयंपाकाला लागल्या की हळूहळू खाली बसते. आत हवा लागत नाही. हवेवाचून जगणारे बारीक जीव ते शेण खातात आणि गॅस सोडतात. नव्या खड्ड्यात हे जीव तयार व्हायला फार वेळ लागतो, म्हणून आम्ही दुसऱ्या चालू खड्ड्यातली मळी आणून त्यात घालायचो. दुधाला विरजण लावतात, तसंच ते. आम्ही त्याला विरजणच म्हणायचो.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. तलवाड्याकडच्या एका बागायतदारानं मुलाला बघायला पाहुणे येणार म्हणून घाईनं खड्डा बांधून घेतला. ऐन वेळी गॅस काही धरेना. पठ्ठ्यानं शहरातल्या साडूचा सिलिंडर आणून भिंतीमागं लपवला आणि आमच्या नळीला जोडला. पाहुण्यांनी शेणाच्या गॅसचं तोंड भरून कौतुक केलं. लग्न जमलं. सून आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मला निरोप धाडला, की आमचा गॅस लग्नानंतर का बंद पडला ते येऊन बघा. दुसरे एक गृहस्थ होते. त्यांचा संडास आम्ही खड्ड्याला जोडणार होतो. ते म्हणाले, ‘दोन नळ्या काढा. एक आमच्या चहाला आन एक देवाच्या निवदाला.’ मी म्हटलं, आत गॅस एकच असतो. ‘असू द्या,’ ते म्हणाले, ‘नळ्या तरी दोन करा.’ केल्या.

बायकांचं दुखणं निराळं. निळी ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळं आम्हाला पहिल्या दिवशी भाजल्यावर लावायचं बर्नॉल जवळ ठेवावं लागे. आणि भाकरी. ज्वारीची भाकरी चुलीच्या आरावर फुगते, तिला गॅसची सवय नसते. मी एका लोहाराकडून पसरट जाळी करून घेतली होती, ती शेगडीवर ठेवून बायकांना भाकरी भाजून दाखवायचो. पुरुष भाकरी थापतो हे बघायला अख्खी आळी जमायची. माझी भाकरी फुगली की त्या गॅसला हो म्हणायच्या.

पण मला सांगायचंय ते एकाच गावाचं. बालाघाटाच्या कडेवरचं गाव आहे, नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून नांदती आहेत. तिथं आम्ही गावकीची टाकी बांधली होती. सगळ्या घरांचं शेण एका खड्ड्यात आणि तिथून जमिनीखालच्या नळीनं सगळ्यांच्या चुलीशी गॅस. हे वेड अण्णांचं. अण्णा म्हणजे त्या गावचे पुढारी, निजामाच्या राज्यात तरुणपणी भूमिगत झालेले, रझाकारांच्या दहशतीत रानोमाळ हिंडलेले. खादीशिवाय दुसरं कापड त्यांनी अंगाला लावलं नाही. गावात एक पाणवठा झाला तो त्यांच्यामुळं, बौद्धवस्तीतल्या पोरांना शाळेत पुढच्या रांगेत बसवलं ते त्यांनी. माझ्यासारख्या बाजारातल्या पोराला देश म्हणजे काय हे पुस्तकातून कळलं नव्हतं, अण्णांच्या ओट्यावर बसून कळलं. मी त्यांना फार मानत होतो.

टाकी बांधताना ते मला म्हणाले होते, ‘आप्पा, ह्या गावात एका पंगतीला बसत नाहीत लोक. एका खड्ड्यात शेण तर घालतील?’ घालायला लागले. मराठ्यांचं, वंजाऱ्यांचं, बौद्धवस्तीतलं, मुसलमानांच्या गल्लीतलं, सगळं एकाच हौदात कालवलं जायचं. सुरुवातीला कुरकुर झाली. एका म्हातारीनं गॅस कुणाच्या शेणाचा ते ओळखायला शेगडीचा वास घेऊन पाहिला. पण गॅस यायला लागला आणि डोळ्यांतलं पाणी थांबलं, तशी तीही गप्प झाली. नियम साधा होता. जो शेण घालील त्याला गॅस. मुक्तिदिनाला अण्णा झेंडा शाळेत लावायचे आणि मग सगळ्या गावाला टाकीपाशी आणून गूळ वाटायचे.

सगळ्यात जास्त शेण रशीदभाईंचं. ते दुधाचा धंदा करायचे, दावणीला म्हशीच म्हशी. उंच, किडकिडीत माणूस, कमी बोलणारा. त्यांच्या वडिलांचं आणि अण्णांचं घरासारखं होतं. त्यांची बायको खातूनबी हिला दमा होता. चुलीपुढं बसली की ओठ निळे पडायचे. टाकीचा गॅस आला तशी ती स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली, असं रशीदभाई मला लाजत लाजत सांगायचे. मी गेलो की ती पडद्याआडून म्हणायची, ‘भाई, चाय पीके जाव. तुमारेच गॅस की है.’

व्हॉल्व्ह सोडायचं आणि शेणाच्या पाट्या मोजून घ्यायचं काम बबनकडं होतं. अण्णांच्या भावकीतला, बारावी झालेला, हाताला चपळ. मीच त्याला शिकवलं. नळीत पाणी साठून ज्योत फडफडायला लागली तर जागेवर बसून सांगायचा, कुठल्या वळणाला अडकलंय. देशासाठी काहीतरी करायचं म्हणून पेटलेला पोरगा होता. त्या काळात पेपरात रोज परदेशी कंपन्या, रंगीत टीव्ही, नवं धोरण. बबन म्हणायचा, ‘परक्याचं कायच नको आपल्याला. आपलं शेन, आपला गॅस.’ ऐकून अण्णांना भरून यायचं.

मग तो ब्याण्णवचा हिवाळा आला. देशात काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. त्या गावात काहीही झालं नाही. दगड पडला नाही, कुणाचं दार वाजलं नाही. अण्णा अभिमानानं सांगायचे, ‘आपल्याकडं शांतता आहे.’ फक्त एका सकाळी रशीदभाई पाट्या घेऊन हौदापाशी आले तेव्हा बबन म्हणाला, ‘चाचा, आजच्याला राहू द्या.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा राहू द्या. तिसऱ्यांदा रशीदभाईंनी विचारलं, ‘कावून बे? हौद भरला का?’

‘भरला न्हाई. पन पोरं म्हनत्यात, गावच्या टाकीत गाईचंच शेन जावं.’

‘पाटलाच्या म्हशीचं चालतंय की.’

बबन पुढच्याच्या पाट्या मोजायला लागला. शेण नाही म्हणजे नियमाप्रमाणं गॅस नाही. त्या आठवड्यात मुसलमानांच्या गल्लीतला व्हॉल्व्ह बंद झाला. बाकीची दोन-तीन घरं गरीब, त्यांनी निमूट काटक्या गोळा करायला सुरुवात केली. खातूनबी चुलीपुढं बसली आणि रशीदभाई तिला बैलगाडीत घालून धारूरच्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा मला हे कळलं.

मी तडक गावात गेलो आणि बबनला हौदापाशीच शिव्या घातल्या. मला राग आला की मी वाणी राहत नाही. ‘अरे, म्हशीला जात असती का बे? तुला मी हे शिकवलं?’ तो रडवेला झाला. म्हणाला, ‘आप्पा, मी एकट्यानं ठरवलं न्हाई.’ मग कुणी ठरवलं? तर ते त्याला सांगता येईना. मी चार घरी विचारत हिंडलो. प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव सांगे. बैठक झाली नव्हती, ठराव झाला नव्हता. सगळ्यांना आपापलं कळलं होतं.

अण्णांकडं गेलो. ते ओट्यावर सूत कातत होते. म्हणाले, ‘मला माहीत आहे सगळं. माझ्या पोटात अन्न जात नाही. पण आत्ता सभा घेतली तर पोरं भडकतील. वातावरण निवळू दे जरा.’ पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि त्यांचा पुतण्या उभा होता, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही काढलं नाही. ‘तोवर रशीदच्या घरी तू एक लहान खड्डा बांधून दे. खातूनबीचे हाल नकोत.’

बांधला. रशीदभाईंच्या अंगणात, गोठ्याला लागून. दुसऱ्या गावाहून विरजण आणून घातलं, आणि म्हशी दावणीलाच, त्यामुळं गॅस असा धरला की टाकी सतत वर. खातूनबी पुन्हा श्वास घ्यायला लागली. मला वाटलं रशीदभाई खूश होतील. ते टाकीकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘चांगलं केलं आप्पा तुमी. पन मला येगळी टाकी नगं व्हती. माझी नळी त्या नळीला जोडा.’

‘गॅस तर मिळतोय ना?’

‘गॅसचं काय घिऊन बसलात? बापाची माती हितं हाय माझ्या. मी काय भाड्यानं राहतो का ह्या गावात, येगळी चूल मांडायला?’

त्यांना एवढंच हवं होतं. गावानं चारचौघांत बसावं आणि एकदा तोंडानं सांगावं, की तुझं शेण घेतो किंवा घेत नाही. नाही म्हणाले असते तरी त्या माणसानं ऐकून घेतलं असतं. ते हे रोज अण्णांना सांगायचे आणि अण्णा रोज म्हणायचे, निवळू दे.

तोवर गावकीची टाकी खाली बसायला लागली होती. सगळ्यात जास्त शेण देणारी दावणच गेली तर दुसरं काय होणार? शेगड्यांवर ज्योत धरेना, बायका बबनच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. तेव्हा पोरांनी असा घोळ घातला की त्याला तोड नाही. त्यांना वाटलं, जुनं मिसळलेलं शेण आत आहे म्हणून असं होतंय. त्यांनी मला न विचारता खड्डा तळापर्यंत उपसला. चुना मारला. बाजारातून फिनेलचे डबे आणून ओतले, आतून घासून काढला, वर गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला, आणि मग फक्त गाईचं शेण भरलं. टाकीला बाहेरून भगवा, पांढरा, हिरवा रंग दिला. सगळं मनापासून केलं होतं पोरांनी. मी आलो तेव्हा बबन अभिमानानं म्हणाला, ‘आप्पा, ताट ठिवून जेवावं असा चकाचक केला खड्डा.’

मी कपाळाला हात लावला. फिनेल कशासाठी असतं? जीव मारायलाच ना. खड्ड्यात जे जीव होते ते सगळे मेले, आणि नवे पुरेसे व्हायला ना शेण पुरेसं होतं ना ऊब. थंडी अशी की सकाळी हौदाच्या पाण्यात हात घालवत नव्हता. तिरंगी टाकी तळाला जाऊन बसली ती हलेना. हळूहळू एकेका घरातून धूर निघायला लागला.

अण्णांनी मला विचारलं, ‘आता काय?’ मी म्हटलं, ‘खड्डा धुऊन फिनेल काढायचं, आणि विरजण घालायचं. खंडीभर लागंल. थोडं असतं तर दुसऱ्या गावाहून आणलं असतं, एवढं दुरून आणण्यात ते हवा लागून खराब होतं. जवळचा चालू खड्डा एकच आहे.’ कुठला, ते सांगायची गरज नव्हती.

अण्णांनी पायात वहाणा घातल्या. मग काठी घेऊन उठले आणि माझ्याबरोबर रशीदभाईंच्या अंगणात आले. हे सगळं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आले असतील. अण्णांनी विषय काढला. रशीदभाईंच्या तोंडावर जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. तो माणूस चक्क हसला. त्याला वाटलं, बोलावणं आलं.

‘घ्या की अण्णा. तुमचंच हाय. लागंल तेवढं घ्या.’

खड्डा धुऊन झाल्यावर ठरल्या दिवशी मी सकाळी गेलो तर त्यांनी बादल्या भरून ठेवल्या होत्या. दुधाच्या धंद्यातल्या, घासून लख्ख केलेल्या. अंगात ठेवणीतला पायजमा-कुर्ता. शेणाची मळी वाहून न्यायला कुणी असा नटतो का? खातूनबीनं हवा लागू नये म्हणून बादल्यांवर ओलं पोतं घातलं होतं. आम्ही तिघं सकाळच्या उन्हात गावातून निघालो, अण्णा पुढं काठी टेकत, मागं रशीदभाई दोन्ही हातांत पहिल्या खेपेच्या बादल्या घेऊन, आणि मी. बायका दारात येऊन बघत होत्या. एक-दोघी हसल्याही, बऱ्या मनानं. त्यांना त्यांची शेगडी दिसत होती.

हौदापाशी पोरं उभी होती. बबन पुढं आला. आवाज चढवला नाही त्यानं. ‘अण्णा, तुमचा शब्द मोडनार न्हाई आमी. तुमी म्हनत असाल तर वता. पन मग आमच्या घरच्या नळ्या आमी आजच उपटून टाकतो. ही टाकी मग तुमी दोघंच चालवा.’

सगळं गाव अण्णांकडं बघत होतं. त्यांनी एकदा ‘ओत’ म्हणायचं होतं, एवढंच. पोरांनी नळ्या उपटल्याही असत्या, किंवा बायकांनी त्यांना उपटू दिल्या नसत्या, मला तर नसत्याच दिल्या असं वाटतं. ज्या माणसानं पोरसवदा वयात निजामाच्या पोलिसांपुढं तोंड उघडलं नव्हतं, त्यानं आता तोंड उघडायचं होतं. मी मनात म्हणत होतो, बोला अण्णा, बोला.

अण्णा म्हणाले, ‘रशीद, आज राहू दे. उद्या सभा घेऊ. सगळ्यांना विश्वासात घेऊन करू.’

रशीदभाईंनी बादल्या खाली ठेवल्या नाहीत. ते तसेच उभे राहिले, हात ताणलेले. मग म्हणाले, ‘बरं.’ वळले आणि आलेल्या रस्त्यानं घरी गेले. दारातल्या बायका आत गेल्या होत्या. मळी त्यांनी गोठ्यामागच्या उकिरड्यावर ओतली आणि बादल्या धुवायला घेतल्या. मी हौदापाशी अण्णांना नको नको ते बोललो.  त्यांचा मला राग आला तो त्यांच्या मरणानंतरही पुरता गेलेला नाही, आणि ते मला कमी प्रिय झाले असंही नाही. हे दोन्ही घेऊनच मी म्हातारा झालो.

उद्याची सभा परवावर गेली, मग निवडणुकीनंतरवर. पुतण्या निवडून आला. पावसाळ्याच्या आधी रशीदभाईंनी म्हशींना बाजार दाखवला आणि घर बंद करून परळीकडं गेले. अंगणातला खड्डा बुजला. गावकीच्या टाकीचा पत्रा गंजून रंगांसकट गळून पडला. पुढं तालुक्याला सिलिंडरची एजन्सी निघाली आणि सगळ्यात पहिलं कनेक्शन बबननं घेतलं. तो गॅस अरबांच्या देशातून जहाजानं येतो, हे मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, ‘आप्पा, आता कशाला जुनं उकरता?’ त्याचेही केस पिकले होते.

आता घाटमाथ्यावर पवनचक्क्या फिरतात, त्या गावच्या पंचायतीवर सूर्याच्या पाट्या आहेत. उद्घाटनाला मला जुना कार्यकर्ता म्हणून नारळ-शाल दिली. देश ऊर्जेत स्वतंत्र होणार यावर भाषणं झाली. भाषणं चांगली होती. मी शाल घेऊन खाली उतरलो.

मागच्या वर्षी परळीला गेलतो, एका लग्नाला. रस्त्याकडेला दुधाच्या किटल्या लावलेल्या हॉटेलात रशीदभाई दिसले, नातवाच्या हॉटेलात बसलेले. दाढी पांढरी, नजर अधू. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. खातूनबी गेली, ते त्यांनी सांगितलं. इथल्या वीजकेंद्राच्या राखेच्या हवेनं दमा बळावला. मग त्यांनी गावातल्या एकेका घराची चौकशी केली, बबनच्या पोरांचीसुद्धा. मी सोलरचं सांगितलं, पवनचक्क्यांचं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

मग म्हणाले, ‘आप्पा, ती सभा झाली का वो?’

मला वाटलं म्हातारपणानं विसरले असतील. मी हळूच म्हटलं, ‘रशीदभाई, अण्णा जाऊन किती वर्षं झाली.’

‘ते म्हाईत हाय मला,’ ते म्हणाले. ‘मातीला आलतो मी. मागं उभा व्हतो. मी सभेचं इचारतो.’